नाल्याकाठची न आटणारी विहीर

उन्हाळ्यात एखादी विहीर आटली नाही, की आपल्या भागात तिचे मोठे कौतुक होते. धाराशिव जिल्ह्यात ते साहजिकच आहे. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना अजून आठवतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ ही वर्षे तर आपण सर्वांनीच टँकरची वाट पाहत काढली. शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात भर वैशाखात ज्या विहिरीत दोन पुरुष पाणी टिकते, ती विहीर देवाच्या देणगीसारखी वाटली तर नवल नाही.

परंतु ही विहीर शहराच्या किंवा मोठ्या गावाच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठी असेल, तर वाचकांनी कौतुकाआधी एक प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे. आजूबाजूच्या विहिरी कोरड्या पडल्या असताना हिला पाणी येते कोठून?

पाणी येते कोठून?

आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्ट खडकाचा आहे. वर कोठे दोन हात, कोठे दहा हात काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली खडक. पाणी साठते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. पडलेल्या पावसाचा साधारण दहावा हिस्साच खाली मुरतो. बाकीचा वाहून जातो किंवा उन्हाने उडून जातो. त्यामुळे पावसाळ्यात भरलेला हा साठा होळीपर्यंत निम्मा होतो आणि पुढे विहिरी तळ गाठतात.

नाल्याचे गणित वेगळे आहे. नळाला पाणी रोज येवो की आठवड्याने येवो, घरात आलेल्या पाण्यापैकी जवळजवळ ८० टक्के पाणी वापरून मोरीतून बाहेर पडते. न्हाणीचे, भांड्यांचे, कपड्यांचे आणि संडासचे हे पाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून ओढ्यात जाते. धाराशिव शहराला थेट उजनी धरणातून पाणी आणावे लागते. ते वापरून झाले की त्याची वाट उताराकडेच असते. शहरातून वाहणाऱ्या भोगावतीच्या पात्रात वर्षातले कितीतरी महिने पावसाचे नव्हे तर सांडपाण्याचेच पाणी असते, हे शहरवासीयांना मी सांगायला नको. तालुक्याच्या गावांतही थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते.

हा नाला बारमाही असतो. त्याला ना सिमेंटचा तळ, ना बाजूला भिंत. वाहता वाहता पाणी तळातून मुरते आणि काठच्या विहिरींना पाझर सुटतो. म्हणून त्या आटत नाहीत. पावसाने भरलेल्या विहिरीला वर्षातून एकदा पाणी मिळते. नाल्याकाठच्या विहिरीला ते रोज मिळते, आणि ते आपल्याच मोरीतले असते.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. मेक्सिको देशात राजधानीच्या उत्तरेला मेझकिताल नावाचे कोरडे खोरे आहे. तेथे शंभराहून अधिक वर्षे मेक्सिको शहराचे सांडपाणी कालव्यांनी नेऊन शेतीला दिले गेले. परिणाम असा झाला की खोऱ्यातील भूजल वर चढले, जेथे पूर्वी पाणी नव्हते तेथे झरे फुटले आणि लोक त्या झऱ्यांचे पाणी पिऊ लागले. तेथील मातीच्या जाड थरांतून गाळले गेल्यामुळे त्या पाण्यातील पुष्कळशी घाण कमी झाली, पण क्षार आणि नायट्रेट खाली उतरलेच. ते पाणी क्लोरिन घालून वापरावे लागते.

आपल्याकडे तेवढाही आधार नाही. खोल वाळू किंवा मातीतून पाणी हळूहळू झिरपते, तेव्हा जंतू वाटेत अडकतात व मरतात. खडकाच्या भेगेतून मात्र पाणी नळीतून गेल्यासारखे धावते. विहीर संडासच्या खड्ड्यापासून निदान १५ मीटर दूर असावी, असे आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले गेले. नियम योग्यच आहे, पण भेगाळ खडकात १५ मीटर दूर म्हणजे निर्धोक, असे समजता येत नाही. काळ्या मातीचीही एक खोड आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की शिवारावरची आणि नाल्यातली साचलेली घाण या भेगांतून सरळ खाली जाते. जून-जुलैमध्ये दवाखान्यांत जुलाब-उलट्यांची गर्दी होते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

‘आमचा तर तीनशे फूट बोअर आहे’

असे सांगणारे पुष्कळ भेटतात. खोल बोअरचे पाणी उथळ विहिरीपेक्षा जंतूंच्या दृष्टीने सहसा बरे असते, हे खरे. पण बोअर घेताना वरच्या मुरमाच्या भागात जी केसिंग पाइप घालतात, ती पक्क्या खडकापर्यंत नेलेली नसेल किंवा तिच्या बाहेरची पोकळी सिमेंटने बुजवलेली नसेल, तर वरचे घाण पाणी पाइपच्या कडेने थेट खाली उतरते. मग तीनशे फूट खोलीचा उपयोग काय? हापशाभोवतीचा ओटा फुटलेला असेल आणि तेथे डबके साचत असेल, तर तोच प्रकार तेथेही होतो.

या पाण्यातून काय येते?

सांडपाण्यातून येणाऱ्या गोष्टींचे दोन भाग करता येतील. पहिला भाग जंतूंचा, दुसरा विरघळलेल्या क्षारांचा. दोन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे हा फरक नीट लक्षात ठेवावा.

जंतूंमुळे गॅस्ट्रो, पटकी, हगवण, विषमज्वर म्हणजे टायफॉइड, आणि कावीळ हे आजार होतात. यातली मेख अशी, की प्रत्येक आजार वेगवेगळ्या वेळी उगवतो. पटकी काही तासांत ते पाच दिवसांत होते. टायफॉइडला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. पाण्यातून होणारी ‘हिपॅटायटिस ई’ ही कावीळ दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. म्हणजे आज डोळे पिवळे झाले, तर ते पाणी महिनाभरापूर्वी प्यालेले असू शकते. तोवर माणूस ते विसरलेला असतो आणि दोष लग्नातल्या जेवणाला दिला जातो.

काही वर्षांपूर्वी एका शेतवस्तीवरून महिनाभरात काविळीचे तीन रुग्ण माझ्याकडे आले. तिसरी सात महिन्यांची गरोदर सून होती. वस्तीची विहीर नाल्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. पाण्याविषयी विचारले तेव्हा सासरे अभिमानाने म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पंधरा-सोळाच्या दुष्काळातही आमची विहीर आटली नाही. अर्ध्या शिवाराला पाणी दिलं आम्ही.” सुनेला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. ती वाचली, बाळ वाचले नाही. ‘हिपॅटायटिस ई’ एरवी बहुतेक माणसांत आपोआप बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती जीवघेणी ठरते. अशा दर चार-पाच स्त्रियांत एक दगावू शकते. म्हणून घरात गरोदर स्त्री असेल तर तिच्या पिण्याच्या पाण्याची काळजी सर्वांत आधी घ्यावी.

या काविळीचा इतिहास आपल्याच देशाशी जोडलेला आहे. १९५५ साली यमुनेला पूर आल्यानंतर दिल्लीच्या नजफगड नाल्याचे सांडपाणी पिण्याचे पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचले. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरिन घातले जात होते, त्यामुळे टायफॉइडसारख्या आजारांची साथ आली नाही, पण काविळीचे विषाणू मात्र त्यातून पार झाले. पुढे तपासणीत ती ‘हिपॅटायटिस ई’ असल्याचे निष्पन्न झाले. आपल्या राज्यात २०१२ मध्ये इचलकरंजीत याच काविळीची मोठी साथ आली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोम या हातापायातले बळ जाणाऱ्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही दूषित पाण्याकडेच बोट गेले. काही रुग्णांच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला होता.

न दिसणारे नायट्रेट

दुसरा भाग क्षारांचा. मलमूत्रातील नत्र जमिनीत कुजून त्याचे नायट्रेट होते. शेतात टाकलेल्या युरियाचेही तेच होते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातील सुमारे २० टक्के नमुन्यांत ते या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. महाराष्ट्रात तर हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या पुढे होते.

मोठ्या माणसाला याचा त्रास सहसा जाणवत नाही. धोका असतो तो सहा महिन्यांच्या आतील बाळाला, आणि तोही त्याला वरचे दूध किंवा दुधाची पावडर अशा पाण्यात कालवून दिली तर. बाळाच्या आतड्यात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते आणि रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. बाळाचे ओठ, नखे निळसर-राखी दिसू लागतात. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी शेतावरच्या विहिरीचे पाणी पाजलेल्या बाळांमध्ये हा आजार प्रथम ओळखला. आईच्या दुधातून नायट्रेट बाळापर्यंत फारसे जात नाही. म्हणून पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा देऊ नये, हा सल्ला येथे दुप्पट महत्त्वाचा ठरतो.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. क्लोरिननेही ते जात नाही. ते काढते ते आरओ यंत्र, किंवा मग पाण्याची जागाच बदलावी लागते.

काही प्रचलित समजुती

‘आम्ही पाणी गाळून पितो.’ जुन्या वाचकांना नारू आठवत असेल. पायातून दोऱ्यासारखी बाहेर येणारी ती अळी पाण्यातील बारीक किड्यातून शरीरात जात असे, आणि तो किडा कापडात अडकत असे. गाळून पिण्याच्या सवयीने व पायऱ्यांच्या विहिरी सुधारल्याने नारू गेला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. पण टायफॉइडचे किंवा काविळीचे जंतू कापडाच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान असतात. गाळणे चांगलेच, पण पुरेसे नाही.

‘तुरटी फिरवली की पाणी शुद्ध.’ तुरटीने गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसते. जंतू मरण्याची खात्री त्यात नाही.

‘आमच्या पिढ्यान् पिढ्या याच विहिरीवर वाढल्या.’ विहीर तीच आहे, पण नाला तो राहिलेला नाही. आजोबांच्या काळी त्यात पावसाचे पाणी वाहत होते. आता वरचे गाव वाढले, घरोघरी नळ आणि संडास आले, आणि ते सारे पाणी याच वाटेने येते.

‘जारचे पाणी थंड असते, म्हणजे चांगले.’ थंडपणाचा आणि शुद्धतेचा संबंध नाही. जार कोठे भरतात, पाण्याची तपासणी होते का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

विहीर ओळखावी कशी?

पुढील खुणा दिसल्या तर संशय घ्यावा. शेजारच्या विहिरी उतरल्या तरी हिची पातळी फारशी बदलत नाही. पाणी पूर्वीपेक्षा मचूळ किंवा खारट लागते. उपशाच्या वेळी फेस येतो, वास येतो. भांड्याला बुळबुळीत थर धरतो. मात्र यापैकी एकही खूण नसली तरी पाणी निर्दोष असेलच असे नाही. खात्री तपासणीनेच होते.

तपासणीची सोय आपल्याकडे आहे. जिल्हा आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले जातात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक किंवा आरोग्य सेवक यांच्याकडे चौकशी करावी. जंतूंच्या तपासणीसाठी नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा आणि बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवावा. धुतलेल्या दारूच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीतून आणलेला नमुना उपयोगाचा नाही. गावपातळीवर एक सोपी बाटलीही मिळते. तीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवले आणि ते काळे पडले, तर पाण्यात विष्ठेची घाण आहे असे समजावे. अर्जात जंतूंबरोबर नायट्रेट, क्लोराइड आणि एकूण क्षार यांचीही तपासणी मागावी. तपासणी वर्षातून दोनदा हवी. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पहिल्या पावसानंतर.

दुसरे पाणीच नसेल तर?

नाल्याचा पाझर असलेली विहीर पिण्यासाठी वापरू नये, हे उत्तम. तिचे पाणी गोठा धुण्याला, बांधकामाला, झाडांना वापरावे. पण शेतवस्तीवर दुसरी सोयच नसते, हे मी जाणतो. अशा वेळी निदान पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी वेगळे काढून, तुरटीने निवळवून, गाळून, खळखळून उकळी आल्यावर काही मिनिटे तसेच उकळू द्यावे आणि झाकून ठेवावे. सांडपाण्याचा संशय असताना काविळीच्या विषाणूंसाठी नुसत्या क्लोरिनपेक्षा उकळण्यावर माझा अधिक भरवसा आहे. जळणाची अडचण असेल तर मेडिक्लोरसारखे क्लोरिनचे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. हात बुडवून तांब्या भरल्यास सारी मेहनत वाया जाते. तान्ह्या बाळाला वरचे दूध द्यावेच लागत असेल, तर त्यासाठी नायट्रेट तपासलेल्या ठिकाणाहून पाणी आणावे, मग ते एक कळशीच का असेना.

विहिरीत टीसीएल पावडर टाकताना ‘एक ओंजळ’ असा हिशेब नको. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजावा, त्याला व्यासानेच गुणावे, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी ७८५ ने गुणावे. उत्तर लिटरमध्ये येते. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर ते सुमारे ८५ हजार लिटर होते. साधारण स्वच्छ पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची पावडर लागते, म्हणजे येथे २१० ग्रॅमच्या आसपास. घाण पाण्याला दुप्पट किंवा त्याहूनही अधिक लागते, कारण सांडपाण्यातला अमोनिया क्लोरिन खाऊन टाकतो. पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी पोहऱ्याने विहिरीत खोलवर सोडावी. तासाभराने ओटी टेस्ट घ्यावी. पाणी पिवळे झाले तरच क्लोरिन शिल्लक आहे असे समजावे. पोते उघडे राहिले तर पावडरचा जोर जातो, हेही ध्यानात असू द्यावे.

शेतकरी बंधूंसाठी

नाल्याच्या पाण्यावर घास, कडवळ, ऊस, फळझाडे घेणे हे पालेभाजीपेक्षा कमी धोक्याचे. पालक, कोथिंबीर, मेथी, मुळा या पाण्यावर घेऊ नयेत. घेतल्याच असतील तर काढणीपूर्वी काही दिवस हे पाणी तोडावे. गिऱ्हाइकांनीही पालेभाज्या भरपूर स्वच्छ पाण्याने धुवाव्यात आणि शिजवूनच खाव्यात. अशा रानात अनवाणी काम करू नये. आकडेकृमीची अळी पायाच्या कातडीतून शिरते, आतड्यात रक्त पिते आणि माणूस पांढराफटक पडतो. ‘अशक्तपणा आहे, सलाइन लावा’ म्हणत येणाऱ्या किती मजुरांना सलाइनची नव्हे तर जंताच्या गोळीची, लोहाच्या गोळ्यांची आणि पायात गमबुटाची गरज असते!

गावाने काय करावे?

घराघराचे सांडपाणी नाल्यापर्यंत जाऊच न देणे, हा मूळ उपाय. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे बंद केली. तोच पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेला. मात्र शोषखड्ड्यात न्हाणीचे आणि भांड्यांचेच पाणी सोडावे, सेप्टिक टँकचे नव्हे, आणि तो विहीर-बोअरपासून दूर, उताराच्या बाजूला असावा. पिण्याच्या विहिरीला उंच कठडा, भोवती पक्का ओटा आणि पाणी दूर नेणारी चर असावी. पंचायतीला आरोग्य विभाग पाण्याच्या स्थितीप्रमाणे हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतो. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे पुढच्या ग्रामसभेत अवश्य विचारावे. शहरांचे सांडपाणी शुद्ध करूनच नाल्यात सोडणे हे नगरपरिषदांचे काम आहे, आणि त्याचा आग्रह नाल्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी धरला पाहिजे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

जुलाब सुरू होताच ओआरएस सुरू करावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडेथोडे पाजत राहावे. लहान मुलांना सोबत १४ दिवस झिंकची गोळी द्यावी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, लघवी बंद, डोळे खोल गेलेले, शौचात रक्त, तीन दिवसांहून अधिक ताप, गरोदर स्त्रीला कावीळ, बाळाचे ओठ निळे, हातापायांना मुंग्या येऊन बळ जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपचारांत वा काविळीच्या माळेत वेळ घालवू नये. एकाच वस्तीवर आठवड्यात दोन-तीन रुग्ण झाले तर प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे.

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी नाल्याकाठच्या प्रत्येक विहिरीचा आणि बोअरचा नमुना तपासायला जावा, एवढे तरी या वर्षी आपण करू या. अहवाल हाती येईपर्यंत त्या विहिरीचे पाणी घरात पिऊ नये, आणि पाहुण्यालाही देऊ नये.